धाकट्याचा चकाचक गोठा

माझ्या धाकट्या भावाच्या गोठ्यात लोक चपला काढून शिरतात. मी थट्टा करत नाहीये. दूध न्यायला आलेला एक नवा ड्रायव्हर खरोखरच दाराशी बूट काढून मोज्यांवर उभा राहिला होता, आणि धाकट्याने त्याला ‘असू दे’ एवढंही म्हटलं नाही. फरशी अशी, की तिच्यात गाईंची पोटं दिसतात. दिवसातून तीनदा पाइप, दोनदा खराटा, आणि रविवारी भिंतीसुद्धा. चौदा गाई आहेत त्याच्या. शेपटी वर करायच्या आधी त्या मागे वळून बघतात, साहेब आसपास आहेत का म्हणून.

मी त्याची थोरली बहीण. तीनच वर्षांनी थोरली, पण त्याच्या टापटिपीपुढे मी जन्मभर गबाळी ठरत आले. वडिलांनी जमीन दोघांच्या नावावर ठेवली. रस्त्याच्या पलीकडे धाकट्याचा गोठा, घर आणि कुरण. रस्त्याच्या अलीकडे दहा एकरांचा रेताड तुकडा, ज्यात ‘काही म्हणता काही येत नाही’ असं वडील शेवटपर्यंत सांगत राहिले. पाणी घातलं की सरळ खाली, आणि खत घातलं की तेही पाण्याच्या मागोमाग खाली. हा तुकडा अकरा वर्षांपूर्वी मी कसायला घेतला आणि वर तोंड करून सगळ्यांना सांगितलं, की इथे रासायनिक खताचं एक पोतं उतरणार नाही. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी डोळ्यावरचं भिंगसुद्धा न काढता विचारलं होतं, “बरं. आणि पीक?”

पीक आणलं मी. जमिनीचे पाच भाग केले आणि पिकांचा फेरा लावला. दोन वर्षं लसूणघास, म्हणजे गाईंचा हिरवा चारा. मग बटाटा, मग गहू, मग वाटाणा, आणि पुन्हा घास. घास कापून धाकट्याच्या गाईंना जायचा आणि त्यांचं शेण माझ्या शेतात यायचं. एक ट्रॉली चारा, एक ट्रॉली शेण. बहीणभावात याहून सरळ व्यवहार असू शकत नाही, असं मी जो भेटेल त्याला ऐकवायची. माझ्या तोंडाचा पट्टा लहानपणापासून असाच आहे, आणि पुढे त्याचाही विषय निघणार आहे.

पहिली सात वर्षं बटाटा छान आला. आठव्या वर्षापासून काहीतरी बिनसलं. झाड वाढायचं, मी खूश व्हायची, आणि मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायच्या, तव्यावर शेकल्यासारख्या. मी उन्हाला बोल लावला. पुढच्या वर्षी बियाण्याला लावला. त्यानंतर किडीला लावला, आणि एक कीड सापडेना तेव्हा आमच्या ह्यांच्यावर चिडले. बटाटे निघायचे लिंबाएवढे. तेही उकडले की आतून काळे.

गेल्या हंगामात बटाटा काढल्यावर धाकटा आणि भावजय आमच्याकडे जेवायला होते. धाकटा नेहमीप्रमाणे ताटली हातात घेऊन खिडकीशी उभा. हा माणूस बसत नाही. लग्नात, सभेत, दवाखान्यात, कुठेही जा, हा आपला दाराशी नाहीतर खिडकीशी. मी त्याला ‘इन्स्पेक्टर’ म्हणते. त्याने उकडलेला बटाटा चमच्याने मधोमध फोडला, आत बघितलं आणि ताटली माझ्यासमोर आणून ठेवली. मधला भाग शाई सांडावी तसा काळा होता.

“ताई, पुरे कर आता,” तो म्हणाला. “रोपवाटिकेत मी झाडं सांगून ठेवलीत. लाकडाची. वाळूतसुद्धा येतात.”

“आणि मी काय करू?”

“तू बस की निवांत.”

“निवांत बसायला मी काय बंद पडलेलं घड्याळ आहे?”

आमच्या ह्यांना ठसका लागला. पण धाकटा हसला नाही, म्हणून मीही आवरतं घेतलं. म्हटलं, “एक हंगाम दे. पुढच्या वेळी आतून पांढरा बटाटा काढून दाखवला नाही, तर लाव तुझी झाडं. मी एक शब्द बोलणार नाही.”

“तू एक शब्द बोलणार नाहीस, हे जरा जास्तच होतंय,” तो म्हणाला. पण कबूल झाला.

मी ते हसत हसत बोलले खरी, पण मनातला हिशेब वेगळा होता. ती झाडं तोडणीला यायला तीस वर्षं लागतात. मी बावन्न वर्षांची. एकदा रोपं लागली की त्या जमिनीत मी पुन्हा काही पेरीन, हे विसरायचं. अकरा वर्षं त्या वाळूत राबले, वडिलांना खोटं पाडलं, आणि आता एका काळ्या बटाट्यापायी सगळं हातचं जाणार होतं. त्या रात्री भांडी जरा जोरातच घासली मी.

दुसऱ्या आठवड्यात मी माती तपासायला दिली. प्रयोगशाळेतली बाई स्वतः आली. तिशीची असेल, पायात जडशीळ बूट, खांद्यावर माती काढायचं गिरमिट. वीस ठिकाणची माती काढली, पिशवीत भरली आणि माझ्या गप्पा न ऐकता निघून गेली. तीन आठवड्यांनी कागद घेऊन परत आली.

“नत्र ठीक, स्फुरद ठीक,” ती म्हणाली, “पालाश, म्हणजे पोटॅश, जवळजवळ नाहीच. म्हणून कडा करपतात, म्हणून बटाटा काळा पडतो. बटाट्याला पालाशची भूक सगळ्यात मोठी, आणि रेताड माती पालाश धरून ठेवत नाही.”

“पण मी सगळं परत देते की जमिनीला,” मी म्हटलं. “चारा जातो तेवढं शेण येतं. ट्रॉलीला ट्रॉली.”

“घासातून पालाश भरपूर जातो,” ती म्हणाली. “तो परत येत नाहीये. शेण कुठून येतं, ते दाखवा.”

तिला घेऊन मी रस्ता ओलांडला. ती बुटांसकट गोठ्यात शिरली. धाकटा तिच्या पायांकडे असा बघत राहिला, जसा काही तिने त्याच्या उशीवर पाय ठेवलाय. बाईने चारी बाजूंना बघितलं, फरशीवरून बोट फिरवलं, बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं. मग तिने शांतपणे विचारलं, “गाईंचं मूत कुठे जातं?”

त्या गोठ्यात हा शब्द तोपर्यंत कोणी उच्चारला नसावा. धाकट्याचे कान लाल झाले.

“जातं,” तो म्हणाला.

“कुठे?”

“बाहेर.”

बाहेर म्हणजे कुठे, ते बघायला आम्ही नालीच्या कडेकडेने निघालो. नाली गोठ्याच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडते आणि उतारावर जिथे संपते, तिथे माझ्या भावजयीची बाग सुरू होते. त्या बागेबद्दल सांगायलाच हवं. पानं छत्रीएवढी. वेल कुंपण सोडून छपरावर चढलेले. आणि भोपळे असे, की एकाला हलवायला दोघं लागावीत. दरवर्षी भाजीच्या प्रदर्शनात भावजयीचा पहिला नंबर ठरलेला. ‘हाताला गुण आहे हो तुमच्या भावजयीच्या,’ लोक मला सांगायचे, आणि मी दात ओठ न खाता ‘आहेच मुळी’ म्हणायची. त्याला किती ताकद लागते, ते माझं मला माहीत.

भावजय वेलांमधून उठून उभी राहिली. मातीवाली बाई एका भोपळ्यावर हात ठेवून मला म्हणाली, “हा तुमचा पालाश.”

मी भोपळ्याकडे बघितलं, भावजयीकडे बघितलं. ती बिचारी कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, “माझं काही चुकलं का, ताई?”

बाईने समजावून सांगितलं. गाय जो चारा खाते, त्यातला बराचसा पालाश मुतातून बाहेर पडतो, शेणात थोडाच राहतो. तो थोडाही, शेणाचा ढीग उघड्यावर पडला की पावसाबरोबर धुऊन जातो. म्हणजे अकरा वर्षं माझ्या शेतातला पालाश ट्रॉलीत बसून रस्ता ओलांडत होता, गाईच्या पोटातून फेरफटका मारत होता, आणि धाकट्याच्या पाइपाच्या पाण्याबरोबर भावजयीच्या भोपळ्यात जाऊन बसत होता. आणि मी तिकडून आणत होते तो चोथा.

मी धाकट्याकडे वळून तोंड उघडणार, एवढ्यात बाईने विचारलं, “आणि तुम्ही गव्हाचं काड काय करता?”

“अळंबीवाल्याला देते, तो त्यावर अळंबी वाढवतो,” मी म्हटलं.

“दरवर्षी?”

“दरवर्षी. का?”

“काडातही पालाश असतो. म्हणजे तोही गेला.”

त्या दिवशी धाकटा पहिल्यांदा हसला. मी उघडलेलं तोंड मिटलं. मिटलेल्या तोंडाने मी कशी दिसते, हे बघायला भावजयसुद्धा पुढे सरकली होती.

जाताना बाई म्हणाली, की खडकातून काढलेला पालाश विकत मिळतो, सेंद्रिय शेतीत त्याला परवानगीही मिळते, हा तपासणीचा कागद दाखवायचा. “पण बादलीला भोक असताना वरून पाणी ओतत बसू नका. आधी भोक बुजवा. गाईंखाली काड अंथरा, मूत त्यात मुरू द्या, ढिगावर छप्पर घाला, आणि ते खत थंडीत नाही, बटाटा लावायच्या तोंडावर शेतात घाला. आधी घातलंत तर तुमची वाळू ते खाली सोडून देईल.”

म्हणजे उपाय सोपा होता. काड माझ्याकडे, गाई त्याच्याकडे. मी त्याच संध्याकाळी गोठ्यात गेले.

“उद्यापासून काड अंथर,” मी म्हटलं, “आणि धुणं बंद कर. मी दर आठवड्याला येऊन सगळं उपसून नेईन, माझ्या शेडमध्ये रचीन. तुला हातसुद्धा लावावा लागणार नाही.”

“नाही,” तो म्हणाला.

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. वास येईल.”

“अरे, गाईंचा गोठा आहे हा. अत्तराचं दुकान नाही.”

त्याने पाइप सुरू केला, आणि पाणी सरळ माझ्या पायांकडे आणलं. मी उडी मारून बाजूला झाले. माझ्या भावाने आयुष्यात माझ्याशी असं वागल्याचं मला आठवत नव्हतं. मी गाल फुगवून घरी आले आणि आम्ही बोलणं टाकलं.

बारा दिवस. तेवढ्या दिवसांत मी आमच्या ह्यांच्याजवळ धाकट्याचा कसा आणि किती उद्धार केला, ते सांगत नाही. त्याला जमीन हडप करायचीय, त्याला बायकोच्या भोपळ्यांचा पहिला नंबर सोडवत नाही, फरशीवर प्रेम आहे, बहिणीवर नाही. आमचे हे ऐकत होते आणि घड्याळातले चिमुकले स्क्रू लावत होते. बाराव्या दिवशी त्यांनी भिंग काढलं. हे त्यांनी लग्नानंतर चार-पाच वेळाच केलंय.

“तो का धुतो, हे तू त्याला विचारलंस?”

“त्यात काय विचारायचं? हौस आहे.”

“दिवसातून तीनदा?” त्यांनी भिंग परत लावलं. “माझ्याकडे काही गिऱ्हाइकं येतात. घड्याळ चांगलं चालत असतं, तरी दर महिन्याला उघडून बघा म्हणतात. त्यांना घड्याळाची काळजी नसते. दुसरीच कसली तरी असते.”

दुसऱ्याच दिवशी भावजय घड्याळाचा पट्टा बदलायला आली. पट्टा चांगला होता. तिला बोलायचं होतं, हे तिने चहात साखर दोनदा घातली त्यावरून मला कळलं.

“ताई, तुम्ही त्यांच्यावर रागावू नका,” ती म्हणाली. “त्यांना जमायचं नाही ते. बाहेर जायचं असलं की ते दोनदा अंघोळ करतात. निघताना बाह्यांचा वास घेऊन बघतात. कुठे चारचौघांत जायचं तर कुणाच्या शेजारी बसत नाहीत. मला वाटायचं, भिडस्त आहेत. एकदा तापात बोलले. शाळेत मुलं त्यांना ‘शेणोबा’ म्हणायची. बाकावर जवळ बसायची नाहीत. ‘शेणोबा आला, नाकं दाबा,’ असं. तीन वर्षं चाललं होतं म्हणे.”

“मुलं वाईटच असतात,” मी म्हटलं.

“नाव कोणी ठेवलं, ते मात्र सांगत नाहीत,” भावजय म्हणाली. “मी किती विचारलं.”

ती गेली. चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. कारण नाव कोणी ठेवलं, ते मला माहीत होतं.

मी दहा वर्षांची होते, तो सात. शाळेच्या गाडीत मैत्रिणींबरोबर मागच्या बाकावर बसले होते. त्यातली एक नाक वर करून म्हणाली, “कसला गं हा वास?” वास आमचाच होता. पहाटे गोठ्यात दोघंही होतो, माझ्या फ्रॉकलाही शेण लागलेलं होतं, आणि मी ते पिशवीखाली झाकून बसले होते. समोर धाकटा उभा होता. मी बोट दाखवून म्हटलं, “हा बघा आमचा शेणोबा.” सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत जास्त हसले. मैत्रिणीने त्याच्याकडे बघून नाक दाबलं, माझ्याकडे कोणी बघितलं नाही, आणि मी सुटले. पुढचं सगळं मी विसरून गेले होते. त्याची तीन वर्षं माझ्या लक्षातही राहिली नव्हती.

मला लाज वाटली. बेचाळीस वर्षं हा माणूस खिडकीशी उभा होता, आणि मी त्याला ‘इन्स्पेक्टर’ म्हणून आणखी वर चिडवत होते.

पहाटे उठून मी गोठ्यात गेले. दोन बादल्या आणि फावडं घेऊन. धाकटा दूध काढत होता. त्याने मान वर करून बघितलं. एका गाईने शेपटी वर केली, मी बादली पुढे केली. असल्या कामाची मला सवय नाही. निम्मं बादलीत, निम्मं माझ्या साडीवर आणि थोडं चेहऱ्यावर. धाकट्याचे हात थांबले.

“काय चालवलंयस?” तो म्हणाला.

“गाडीत तो वास माझाही होता,” मी म्हटलं. “माझ्या फ्रॉकला तुझ्यापेक्षा जास्त शेण होतं. मी पिशवीखाली लपवलं आणि तुझ्याकडे बोट दाखवलं.”

त्याने दुधाची बादली गाईखालून बाजूला सरकवली.

“मला वाटलं, तू विसरलीस,” तो म्हणाला.

“विसरलेच होते. तेच तर वाईट आहे. चुकलं माझं. फार चुकलं.”

तो परत दूध काढायला लागला. मी तशीच उभी राहिले, बादली हातात घेऊन, हनुवटीवरून काय ओघळतंय ते पुसायची सोय नाही. तो बाहेर जाऊन दूध ओतून आला. मग त्याने पाइप उचलला. मी डोळे मिटले. नेहमीसारखी अख्खी फरशी धुतली त्याने, कोपरेसुद्धा. मी बादल्या उचलून घरी आले. आमच्या ह्यांनी दार उघडलं, एक पाऊल मागे घेतलं, आणि म्हणाले, “बोलणं झालं वाटतं.”

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी धाकटा कुंपणाशी आला. शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले.

“काड कधी आणतेस?” त्याने विचारलं.

“आत्ता आणते.”

“ऐक आधी. मी धुणार नाही, पण उपसायला मी येणार नाही. रोज सकाळी तू यायचं. आठवड्याने नाही, रोज. आणि नालीच्या तोंडाशी टाकी बसवायची, झाकणाची. झाकण मी निवडणार.”

“झाकण तू निवड,” मी म्हटलं. “पाहिजे तर त्याला इस्त्रीही कर.”

तो वळून गेला, पण मी त्याचे खांदे हलताना बघितले.

तर सगळी थंडी मी गोठ्यात काढली. रोज सकाळी ओलं काड उपसायचं, कोरडं अंथरायचं, टाकीतलं ढिगावर ओतायचं. ढीग माझ्या शेडमध्ये, वर पत्रे, कडेने ताडपत्री. अळंबीवाला दोनदा येऊन गेला, त्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं. अंगाला वास असा मुरला की साबणाने हात टेकले. आमचे हे म्हणायचे, “गिऱ्हाईक आलं की जरा आतल्या खोलीत बसत जा. मागच्याला वाटलं, घड्याळात उंदीर मेलाय.” गाई मात्र खूश. मऊ काडावर पसरून बसायच्या आणि मागे वळून बघायचं त्यांनी सोडून दिलं.

धाकटा सुरुवातीचे काही दिवस मी काम करत असताना दाराबाहेर उभा राहायचा. मग दारात. मग एक दिवस त्याने दुसरं फावडं उचललं.

बटाटा लावायच्या आठवड्यात ते सगळं खत आम्ही शेतात घातलं. मातीवाल्या बाईच्या सांगण्यावरून थोडा खडकाचा पालाशही घातला, कागद दाखवून, रीतसर परवानगी काढून. मग वाट बघणं. मी रोज खालची पानं उलटून कडा तपासायची, लहान मुलाचे कान धुतलेत का बघतात तशी. एकदा एका पानाची कडा पिवळी दिसली, तेव्हा मी दुपारभर कोणाशी बोलले नाही. ते एकच पान होतं. बाकीची शेवटपर्यंत हिरवी राहिली.

बटाटा काढला त्या दिवशी धाकटा आला. पैज होती ना. मी पातेलं भरून बटाटे उकडले, एक ताटलीत ठेवला आणि चमचा त्याच्या हातात दिला. त्याने बटाटा फोडला. आत बघितलं. दुसरा फोडला. तिसरा. ओळीने सात फोडले, सगळे आतून पांढरेशुभ्र.

“आता काय पातेलं संपवणारेस?” मी म्हटलं.

“खात्री करतोय,” तो म्हणाला. “रोपवाटिकेवाल्याला नाही म्हणून सांगायचंय. त्याला काय ते नीट सांगायला पाहिजे.”

मी आत जाऊन तोंड धुऊन आले. डोळे कशाने लाल झाले, असं आमच्या ह्यांनी विचारलं नाही. वाफेने झाले असणार.

पुढच्या आठवड्यात भाजीचं प्रदर्शन होतं. भावजयीचा भोपळा यंदा साध्या भोपळ्याएवढाच. दुसरा नंबर आला. ती सगळ्यांना सांगत होती, “आमच्या ताईंच्या बटाट्यांनी माझा भोपळा खाल्ला,” आणि सांगताना मला कोपराने ढोसत होती. पुढच्या वर्षी तिला टाकीतून रोज एक बादली द्यायची, असं मी कबूल केलंय. घरात शांतता हवी ना.

त्या प्रदर्शनाला पोचायला मला उशीर झाला होता. गोठ्यातून सरळ आले, हात धुतले तेवढेच. हॉल गच्च भरलेला. मागच्या ओळीतल्या एका लांब बाकावर जागा दिसली तशी मी जाऊन टेकले. शेजारच्या बाईने हवा हुंगली, माझ्याकडे बघितलं, रुमाल काढला आणि सरकली. तिच्या पलीकडचा माणूस उठून पुढे गेला. बघता बघता त्या बाकावर मी एकटी. पाच माणसांच्या बाकावर मधोमध एकटीच बसलेली बाई कशी दिसते, ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. चेहरा गरम झाला. मी समोरच्या टेबलावरच्या कांद्यांकडे बघत राहिले. सात वर्षांच्या पोराने हे तीन वर्षं कसं काढलं असेल, एवढंच डोक्यात येत होतं.

धाकटा दाराशी उभा होता, नेहमीच्या जागी. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. त्याने माझ्याकडे बघितलं. रिकाम्या बाकाकडे बघितलं. मग माणसांमधून वाट काढत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

“सरक, शेणोबा,” तो म्हणाला.

बाक अख्खा रिकामा होता. तरी मी सरकले, आणि तो अगदी मला चिकटून बसला.